मिठाच्या चांदण्या

नवीन कापड घरात आलं की काकी पहिल्या रात्री ते उशाखाली घेऊन झोपायची. उल्हासनगरच्या बाजारातली कतरण असो, नाहीतर कुणाच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड, आधी उशाखाली. सकाळी ते बाहेर काढून नाकाला लावायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, आणि मग ठरायचं की आज कात्री लावायची की अजून एक रात्र झोपू द्यायचं. मी एकदा घाईघाईने विचारायला गेले की मला ऑफिसच्या डब्यासाठी पिशवी हवीय, सोमवारपर्यंत होईल का. तिने ओठांवर बोट ठेवलं. "कापर अजून निजलाय गो. त्याला उठवू नको." सोमवारी मी डबा प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेला. माझी पिशवी तयार झाली ती थेट गणपतीत. आज मी कल्याणला राहते, मधल्या काळात दोन नोकऱ्या आणि तीन घरं बदलून झाली, पण ती पिशवी अजून धड आहे. त्यामुळे कापडाच्या झोपेबद्दल मी आता फार बोलत नाही.

काकी माझी घरमालकीण. नोकरीसाठी कराडहून ठाण्याला आले तेव्हा कोपरीत तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली. खाली काका आणि काकी, वर मी, आणि माझ्या दाराबाहेर गच्ची. गच्ची वापरायची नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं. मला वाटलं, पापड-कुरडया वाळत घालत असतील. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर दोरीवर गादीच्या पट्ट्यापट्ट्यांचं कापड, रिक्षाच्या हुडाचं रेक्झिन, एक गोणपाट आणि काकांचा बनियन, असं सगळं एकाच जांभळ्या रंगात न्हालेलं लटकत होतं. खाली फरशीवर काकी मांडी घालून बसलेली, हातात दाढीचा ब्रश. तोही काकांचाच.

रंगाला काय लागतं, हे काकी कुठे शिकलेली नव्हती. त्यामुळे तिच्या लेखी सगळंच रंग होतं. फॅब्रिक पेंटच्या बाटल्या होत्याच, पण त्यांच्या शेजारी बुटाचं पॉलिश, डाळिंबाची सालं, उकळलेली चहापत्ती, रंगपंचमीला उरलेल्या पुड्या आणि भिंतीच्या ऑइल पेंटचा अर्धा डबा अशी सगळी मंडळी नांदायची. ऑइल पेंटची पिशवी वाळल्यावर पापडासारखी कडक झाली आणि दुमडताना मधोमध तडकली. पॉलिशची पिशवी घेऊन काका बाजारात गेले ते पांढऱ्या लेंग्यावर तपकिरी पट्टा घेऊन परत आले. काकी त्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ती वरमेल. ती म्हणाली की हा रंग पिशवीपेक्षा लेंग्यावर जास्त खुललाय, आणि लेंगा मागून घेतला.

काकांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते शहाडच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, मितभाषी आणि सोशीक. शिवून झालेली प्रत्येक पिशवी आधी त्यांच्या खांद्यावर चढायची. आत नारळ, बटाटे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि काकांनी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. काकी दारात उभी राहून बघायची की बंद कुठे ताणतोय, पिशवी कुठल्या बाजूला कलतेय. आल्यावर काकांना काही विचारायची नाही, पिशवीलाच चाचपायची. शेजारपाजारचे हसायचे. कुणी फारच खोदून विचारलं तर काका एवढंच म्हणायचे, "ती रंगात हाय." ह्या वाक्यात तक्रार होती की कौतुक, हे मला तिथे राहिले तेवढ्या वर्षांत कळलं नाही.

पिशवी मागायला आलेल्या माणसाला ती आधी त्याची जुनी पिशवी उलटी करायला लावायची. तिच्या खाटेवर बायकांनी काय काय ओतलेलं मी पाहिलंय: गोळ्यांची पाकिटं, सुटी नाणी, कुलूप नसलेली किल्ली, अर्धा विणलेला लहान मोजा. काकी एकेक वस्तू उचलून पाहायची आणि परत ठेवायची. हे सामान बघून ती आतले कप्पे ठरवायची. आणि प्रत्येक पिशवीच्या अस्तरात एक खिसा असा शिवायची की त्यात बोटाचं पेरसुद्धा धड जाऊ नये. ह्यात ठेवायचं काय, असं मी विचारलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी कुणाच्या घरात न विचारता शिरले होते. "सगला तुमचाच पाहिजे का? पिशवीचा सोताचा काय नको?"

अशा बाईच्या पिशव्या किती खपणार? घेणाऱ्या बायका खूश असत, पण त्या ओळखीतल्याच. कुणी भाजी आणायला नेई, कुणी मंडळाच्या भिशीला. काकीला हे टोचायचं. ती बोलून दाखवायची नाही, पण एकदा आम्ही ठाण्यात एका प्रदर्शनाला गेलो होतो, तिथे एका भिंतीवर चौकटीत एक रंगवलेलं कापड लावलं होतं, वर छोटा दिवा सोडलेला. काकी त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की मला पाय दुखायला लागले. परतताना रिक्षात ती म्हणाली, की आपली पिशवी कुणी अशी भिंतीला लावली आणि लोकांनी हात न लावता नुसती बघितली, तर कसं वाटेल. मग स्वतःच लाजली आणि रस्त्याकडे बघत बसली. त्या दिवसापासून मला पण ती भिंत हवीशी वाटायला लागली.

मिठाचा शोध पेरूमुळे लागला. दिवाळी होऊन गेली होती, गच्चीवर दुपारचं उबदार ऊन होतं. काकीने जुन्या धोतराचं मऊ कापड खाटेवर ताणून त्यावर गडद निळा रंग ओला ओला फासला होता, आणि आम्ही दोघी शेजारी चटईवर पेरू खात होतो. कागदावरचं जाडं मीठ वाऱ्याने उडालं आणि चार खडे त्या निळ्यावर पडले. काकी हळहळत उचलायला गेली आणि तिचा हात तसाच थांबला. खड्याच्या भोवतीचा रंग हलत होता. मिठाचा खडा हळूहळू निळं पाणी स्वतःकडे ओढत होता आणि त्याच्या भोवती पांढुरकी, काटेरी कडांची चांदणी उमलत होती. एक, मग दुसरी, मग बाकीच्या.

काकीने कागदावरचं उरलेलं मीठ चिमटीत घेऊन रांगोळी सोडावी तसं सोडलं. मग आम्ही दोघी चटईवर आडव्या झालो आणि कुशीवर वळून त्या कापडाकडे बघत राहिलो. खालच्या गल्लीतले आवाज लांब गेले. रंग वाळत जाईल तशी एखादी चांदणी थबकायची, एखादी दुसरीत मिसळायची. मला मधेच डुलकी लागली. जागी झाले तर ऊन उतरलेलं, काकी अजून तशीच पडलेली, आणि खाटेवर दिवसाढवळ्या अख्खं आभाळ आलेलं. त्या हिवाळ्यातल्या कितीतरी रविवारच्या दुपारी मी अशाच घालवल्या. तशा दुपारी मला नंतर कुठे मिळाल्या नाहीत.

ह्या पिशव्यांनी काकीचं नशीब उघडलं. माझ्या खांद्यावरची चांदण्यांची पिशवी बघून डोंबिवलीतल्या एका बाईंनी मला थांबवलं. त्यांचं हातकामाच्या वस्तूंचं दुकान होतं. बाई स्वच्छ, टापटीप, बोलण्यात नेमक्या. त्या कोपरीला आल्या, गच्चीवर गेल्या, आणि उतरताना म्हणाल्या की दुकानातली समोरची एक भिंत त्या फक्त ह्या पिशव्यांसाठी देतील. गुढीपाडव्याला भिंत लागली. निळ्या, जांभळ्या, काळपट हिरव्या पिशव्या, प्रत्येकीवर छोटा दिवा. काकी नवी साडी नेसून गेली होती. भिंतीपासून चार हात लांब उभी राहिली आणि काकांना म्हणाली, हात लावू नका. काकांचे हात तेव्हा पाठीमागे बांधलेलेच होते.

एक गोष्ट मात्र दुकानवाल्या बाईंना माहीत नव्हती आणि मला माहीत असून तिचं महत्त्व कळलं नव्हतं. काकी ते कापड कधी धूत नसे. वाळलं की उलट्या बाजूने कडक इस्त्री करून रंग पक्का करायची आणि तसंच शिवायला घ्यायची. मिठाचे कण विणीत अडकलेले असायचे, बोट फिरवलं तर खरखरायचे. झटकताना खाली पडलेले कणसुद्धा ती ओल्या बोटाने टिपून बरणीत टाकायची. मी एकदा सुचवलं होतं की काकी, पाण्यातून काढ तरी. ती एकदम तुटक बोलली, "मीठ कदी पान्यान घालवाचा नाय." बायकांच्या काही समजुती असतात, तशीच ही एक असेल असं म्हणून मी तो विषय सोडला. शिवाय ती सांगायची की धुतलं तर चांदण्या जातील, मीठ आहे म्हणून त्या आहेत. रंगातलं मला काय कळतं? मी मान डोलावली.

जूनमध्ये हवा दमट झाली आणि पिशव्यांना घाम फुटला. आधी माझ्याच पिशवीला. सकाळी खुंटीवरून काढली तर हाताला ओलसर, आतला रुमाल दमट. मला वाटलं, बाटली सांडली. मग चेन अडकायला लागली. बघते तर दातांवर तांबूस गंज. तिकडे डोंबिवलीत भिंतीवरच्या पिशव्यांना खारट ओघळ आले आणि विकल्या गेलेल्या पिशव्या एकेक करून परत यायला लागल्या. एका मुलीच्या रेशमी ब्लाउजवर गंजाचा डाग पडला होता. एकीची कागदपत्रं ओली झाली होती.

दुकानवाल्या बाई फोन न करता स्वतः आल्या, हे त्यांचं मोठेपण. सगळ्या पिशव्या दोन मोठ्या गाठोड्यांत बांधून आणल्या होत्या. पुढ्यात चहा निवत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, ही भिंत मला तुमचीच हवीय. पण मीठ काढल्याशिवाय मी एकही पिशवी लावू शकत नाही. रविवारपर्यंत मला सांगा, नाहीतर मला तिथे दुसरं काहीतरी लावावं लागेल." त्यात एकही शब्द वावगा नव्हता. काकीने मान हलवली. बाई गेल्या आणि गाठोडी खोलीच्या मधोमध राहिली.

त्या आठवड्यात काकीने मशीनला हात लावला नाही. धुवावं तर चांदण्या जाणार, न धुवावं तर भिंत जाणार. चांदण्या गेल्यावर भिंतीला लावायचं तरी काय, साधी निळी पिशवी? मी तिला म्हटलं की एक धुऊन बघू. ती म्हणाली, एक जरी गेली तरी मला बघवणार नाही. मी चिडले. इतकं काय त्यात, मीठच तर आहे, किराणावाल्याकडे पोत्याने मिळतं, असं काहीतरी बोलून गेले. काका खिडकीशी बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान नकारार्थी हलवली.

रविवारी सकाळी खाली गेले तर काकीने मोठं घमेलं पाण्याने भरलं होतं आणि शेजारी पाटावर बसली होती. लोकांच्या वस्तू नासवणारी पिशवी ठेवायची नाही, एवढं तिने रात्रीत ठरवलं होतं. शिवण उसवून अस्तरं आणि चेनी आधीच वेगळ्या केलेल्या. पहिलं कापड हातात होतं, पण ते पाण्यात जात नव्हतं. मी शेजारी बसले. तेव्हा तिने पाण्याकडे बघत मला सांगितलं.

तिचा बाप खाडीकडेच्या मिठागरावर होता. पाणी घ्यायचं, अडवायचं, तापू द्यायचं, पायाने माती तुडवून वाफे करायचे, आणि अख्खा उन्हाळा राबून मिठाची रास उभी करायची. पाऊस यायच्या आत ती पेंढ्याने शाकारायची. एका वर्षी रास उभी झाली आणि पेंढा यायचा होता, तेवढ्यात अवेळी पाऊस झाला. रात्रभर पडला. सकाळी ती बापाच्या मागे मागे गेली, तर राशीच्या जागी गढूळ पाणी आणि मधोमध माणसाच्या गुडघ्याएवढा चिखलाचा ढिगारा.

"बापूस त्या दिसाला रडला नाय," काकी म्हणाली. "पान्यान पाय घालून उभा रायला निस्ता. मी जवल गेली नाय. मना भ्या वाटला."

मला आठवड्याभरातले माझे सगळे शब्द गिळून टाकावेसे वाटले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने डोळे मिटले आणि कापड पाण्यात सोडलं.

एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही. एकेक कापड बुडवायची, दोन्ही हातांनी दाबायची, पिळायची आणि न बघता माझ्याकडे द्यायची. मी गच्चीवर नेऊन वाळत घालायचे. तिचा हुकूम होता की उलटी घालायची, रंगाची बाजू आत, आणि मी पण बघायचं नाही. मी तो हुकूम पाळला. उलट्या बाजूने सगळी कापडं सारखीच मळकट निळी दिसत होती.

घमेल्यातलं पाणी तिने मोरीत ओतू दिलं नाही. बोट बुडवून जिभेला लावलं, म्हणाली खारट आहे, हे गटारात जायचं नाही. मग ते पाणी दोन बादल्यांत भरलं आणि आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, पाणी घेऊन कुठे. खाडीवर, असं सांगितल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे दोनदा पाहिलं. खाडीवर पाणी पोचवायला निघालेली गिऱ्हाइकं त्याला पहिल्यांदाच भेटली असावीत. काकीने बादल्यांवर दोन्ही हात ठेवले होते, खड्ड्यात थेंब सांडला की जीव कळवळल्यासारखी बघायची.

खाडीवर, मीठबंदराच्या बाजूला भरती लागलेली होती. आभाळ ढगाळ, पाणी राखाडी आणि अगदी संथ. काकी चिखलाच्या कडेपर्यंत उतरली, चपला काढल्या आणि दोन्ही बादल्या एका धारेने, घाई न करता ओतल्या. तोंडाने काहीतरी पुटपुटली. ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. नंतर ती बराच वेळ पाण्यात पाय घालून तशीच उभी राहिली. मी बादल्या उचलल्या आणि थांबून राहिले.

परत येताना ती एकदाच म्हणाली की आता साध्या पिशव्या शिवीन, भाजीच्या. गल्लीच्या तोंडाशी आम्ही रिक्षा सोडली. काकी खाली मान घालून चालत होती, म्हणून आधी माझं लक्ष वर गेलं.

आम्ही नव्हतो तेवढ्यात काका गच्चीवर गेले होते. त्यांनी दोरीवरचं एकेक कापड उलटं करून रंगाची बाजू रस्त्याकडे केली होती आणि शेवटच्या कापडाला चिमटा लावत होते. गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं, जांभळं, काळपट हिरवं आभाळ वाऱ्यावर हलत होतं आणि त्यात सगळ्या चांदण्या होत्या. एकही गेली नव्हती. मिठाने जिथून रंग ओढून घेतला होता, त्या जागा तशाच पांढऱ्या होत्या. उलट कणांची धूळ निघून गेल्यामुळे त्या आधीपेक्षा उजळ दिसत होत्या.

मी काकीचा दंड धरला. तिने वर पाहिलं. मी म्हटलं, काकी, मीठ गेलं सगळं, आणि ह्या बघ.

"रायल्या," ती म्हणाली. "रायल्या गो."

आणि मग ती गल्लीतच, शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. बायका दारात आल्या. मी त्यांना हाताने थांबवलं. कशासाठी रडतेय ते मला कळत होतं. इतकी वर्षं बापाचं राहून गेलेलं रडणं ती रडून घेत होती, आणि आज तिला भीती वाटत नव्हती.

काका जिन्यावरून खाली आले. हातात उरलेले चिमटे होते. ते तिच्या शेजारी ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने काकीने पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि माझ्याकडे हात केला.

"डोंबिवलीला फोन लाव. त्या बाईला सांग, भिंत मोडू नको म्हनावं."